आक्षेपवाल्यांचं मंडळ

आमच्या विज्ञानकथा मंडळाचा जन्म नाशिकच्या सुपीक सांस्कृतिक मातीत झाला, असं आमचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात. साफ खोटं. मंडळाचा जन्म गंगापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात झाला, आणि तोही एका फाटक्या पानामुळे.

मी दातांची डॉक्टर. माझ्या वेटिंग रूममध्ये जुने दिवाळी अंक पडलेले असतात, कारण दाढ ठणकत असली की माणूस काहीही वाचतो. अशाच एका अंकातली विज्ञानकथा वाचत एक गृहस्थ बसले होते. सिन्नरच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, आणि आवाज असा खणखणीत की शेजारच्या मेडिकलवाल्याला ह्यांच्या दाढेची सगळी हकिगत फुकट कळावी. नंबर पुकारला तरी उठेनात. शेवटी मीच बाहेर आले, तर माझ्यावरच ओरडले, "डॉक्टर, शेवटचं पान कुणी फाडलं?"

आता मी काय पानांवर पहारा देते? मागच्या बाजूला अनारशांची कृती असणार, आणि अनारशांपुढे माझ्या पेशंट बायका कुठल्याही ग्रहाचा शेवट फाडून नेतील. मी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि गप्प करण्यासाठी म्हणून त्या गोष्टीचा शेवट काय असेल ते माझ्या मनाने सांगितलं. त्यांना तो अजिबात पटला नाही. तोंडात कापूस, आरसा, पाण्याची नळी, तरी हातवारे करून भांडले. पुढच्या खेपेला कॉलनीतले दोन मित्र घेऊन आले. दाढ एक आणि माणसं तीन. मग रविवारी दवाखाना बंद असताना आम्ही तिथेच जमायला लागलो. हे गृहस्थ म्हणजे आमचे संस्थापक. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही.

जो तो आपली गोष्ट लिहून आणायचा आणि वाचायचा. पण काकांनी पहिल्याच रविवारी एक नियम घालून दिला. कारखान्यात त्यांचं आयुष्य माल तपासण्यात गेलेलं. चूक गेटच्या आत सापडली पाहिजे, गेटबाहेर गेली की कंपनीची अब्रू गेली, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. म्हणून नियम असा, की गोष्ट वाचली जात असताना कुणालाही शास्त्राची चूक दिसली, तर हात वर करून "आक्षेप!" म्हणायचं. वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं. चूक निस्तरायची, मग पुढे.

झालं! मंडळाच्या इतिहासात एकही गोष्ट शेवटपर्यंत गेली नाही. मालेगावहून एसटीने येणारे एक यंत्रमागवाले होते. त्यांच्या गोष्टीत मंगळावर माग चालायचे. "आक्षेप! तिथल्या कोरड्या हवेत सूत तुटेल." सबंध रविवार त्या सुतात गेला. मंगळावरची माणसं बिचारी उघडीच राहिली. यंत्रमागवाले मात्र जाम खूश. परतीची गाडी गाठायला पळता पळता म्हणाले, "डॉक्टर, इतकं कान देऊन माझं माझ्या घरात कुणी ऐकत नाय."

ते खरंच होतं. आक्षेप घ्यायचा तर ऐकावं लागतं. आमच्याकडे वाचन चाललं की पंधरा-वीस माणसं मांजराने दुधावर ठेवावी तशी नजर ठेवून बसलेली असायची, कधी चुकतोय आणि कधी धरतोय. काका स्वतः तर प्रत्येक गोष्टीत एक चूक मुद्दाम ठेवायचे. मला एकदा सांगितलं होतं त्यांनी. "भाजीत मीठ जरा कमी ठेवावं, डॉक्टर. मग जेवणारा तोंड उघडतो. सगळं बरोबर असलं की मुकाट्याने जेवून उठतो मेला."

काकू पण यायच्या. विज्ञानकथेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. चिवड्याचा डबा आणायच्या आणि माझ्या रिसेप्शनच्या टेबलाशी बसून मेथी निवडायच्या. त्यांचं मत जगजाहीर होतं. "घरातला बल्ब बदलायला सांगितला तर ह्यांची मान धरते, आणि चाललेत चंद्रावर वस्त्या करायला." काका दुसऱ्याच्या बोलण्यात घुसले, म्हणजे ते सतत घुसायचे, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "तुम्ही जरा गप्प बसा हो. त्यांना बोलू द्या." काका एवढा मोठा माणूस, पण त्या एका वाक्याला गप्प बसायचे. मिनिटभर तरी.

असं सगळं झकास चाललं होतं. मग अध्यक्ष आले.

ते माझ्याकडे कवळी बसवायला आले आणि अध्यक्ष होऊन गेले. कुठल्याशा शिक्षण संस्थेत आयुष्यभर साहेबी केलेली, आता घरी कुणी ऐकेना. आमचा रविवार पाहून त्यांना भरून आलं. "अहो, हे असं दवाखान्यात काय करताय? याला रीतसर रूप द्या." आम्ही रूप दिलं. आमची अक्कल चरायला गेली होती. नोंदणी झाली, घटना झाली, लेटरहेड झालं, कार्यकारिणी झाली, आणि आम्ही दवाखान्यातून उठून एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेलो. तिथे व्यासपीठ होतं. व्यासपीठ दिसलं की मराठी माणसाला त्यावर खुर्च्या मांडाव्याशा वाटतात, आणि खुर्च्या मांडल्या की त्यात कोण बसणार यावर रुसवे सुरू होतात.

पहिला घोळ प्रतिमापूजनाचा. कार्यक्रमाच्या आधी कुणाच्या तरी तसबिरीला हार घातल्याशिवाय अध्यक्षांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. देवी-देवता ठेवावी तर विज्ञानवाले चिडणार, शास्त्रज्ञ ठेवावा तर कुठला आणि कुठल्या देशाचा? बरीच डोकेफोड होऊन शेवटी शनी ग्रहाचा मोठा फोटो ठेवायचं ठरलं. कडीसकट, रंगीत, काचेच्या फ्रेमशिवायचा. दिसायला फार सुंदर. हॉलमधल्या पहिल्या कार्यक्रमाचा दिवस नेमका शनिवार. अध्यक्षांच्या सौभाग्यवती पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी फोटोकडे पाहिलं, खाली लिहिलेलं नाव वाचलं, भक्तिभावाने हात जोडले आणि समईशेजारची तेलाची वाटी उचलून त्याच्यावर ओतली. वर चौकशीही केली, "रुईच्या पानांची माळ कुणी आणली नाही का हो?" तो फोटो अजून आहे. शनीच्या कडीखाली तेलाचा डाग पसरलाय आणि नवीन माणसांना आम्ही तो उपग्रह आहे म्हणून सांगतो.

मग मंडळ फुटलं. फुटलं नाही तर ते मंडळ कसलं? भुताच्या गोष्टींना विज्ञानकथा म्हणायचं का, यावरून खजिनदार रागावून गेले, जाताना पाच-सहा सभासद आणि चहाचा थर्मास घेऊन गेले आणि त्यांनी 'मूळ विज्ञानकथा मंडळ' काढलं. आमच्यानंतर जन्मलेलं, पण मूळ. थर्मासशिवाय त्यांच्याकडे मूळचं काही नव्हतं.

पण खरं वाटोळं झालं ते कार्यक्रमपत्रिकेमुळे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय समारोप, आणि सगळ्यात शेवटी 'कथावाचन (वेळेनुसार)'. त्या कंसाने आमचा जीव घेतला. वेळ कधीच उरायची नाही. दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा सत्कार निघायचाच. कुणाला नातू झाला, सत्कार. कुणी अमेरिकेतल्या मुलाकडे जाऊन आला, सत्कार. आणला काय तिथून? तर चॉकलेट. गोष्टी पिशव्यांमधून यायच्या आणि पिशव्यांमधूनच परत जायच्या. काका पहिल्या रांगेत बसून जांभया द्यायचे. एकदा मला म्हणाले, "डॉक्टर, आपण गेट बांधायला गेलो आणि कारखानाच बंद पडला." तेव्हा त्यांचा आवाज मला घोगरा वाटला.

मी विचारलं, किती दिवस आवाज असा आहे? तर म्हणे, चिवड्याच्या तेलाने. पुढच्या वेळी पंख्याच्या वाऱ्याने. त्याच्या पुढच्या वेळी मी त्यांना खुर्चीत बसवलं, घशाकडे जेवढं दिसतं तेवढं पाहिलं, गळ्याला हात लावून पाहिला आणि सरळ ओळखीच्या घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. नको ते निघालं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, पण आवाज जाईल, कायमचा.

काका माझ्याकडे आले ते एकटेच. रडले नाहीत, चिडले. "माझं काय म्हणणं आहे, पाय घ्या, एक मूत्रपिंड घ्या. नेमका आवाजच बरा हवाय ह्यांना!" मग म्हणाले, "एक गोष्ट लिहिलीय. ती मला माझ्या आवाजात, मंडळासमोर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचीय. एकदाच. बास, बाकी माझी काही मागणी नाही."

मी म्हटलं, आत्ता वाचा, मी शटर ओढते. तर नाही म्हणाले. "मंडळ मी काढलंय. मंडळातच वाचणार. फक्त त्या दिवशी कुणी आक्षेप घ्यायचा नाही. आक्षेप घेतलात तर मी तिसऱ्या पानावर अडकेन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला ॲडमिट व्हायचंय."

मी अध्यक्षांना फोन केला. ते गहिवरले. इतके गहिवरले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "काकांसाठी खास सभा लावतो," म्हणाले. ग्रुपवर निरोप गेला की काकांच्या वाचनात कोणीही आक्षेप घेऊ नये. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. काका तयारीला लागले. तयारी म्हणजे काय, तर बोलणं बंद. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज जेवढा जपाल तेवढा त्या दिवशी लागेल. सभेच्या आधी आठवडाभर घरात त्यांनी शब्द काढला नाही. काकू मला भाजीवाल्यापाशी भेटल्या तर सांगत होत्या, "अहो, भांडण काढलं तरी भांडत नाहीत. नुसती मान हलवतात. साठवतायत म्हणे आवाज. साठवू देत बापडे."

तो रविवार आला. हॉल गच्च भरलेला. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कागद घेऊन आले. व्यासपीठावर त्यांच्यासाठी सिंहासनासारखी लाल खुर्ची मांडली होती आणि मागे बॅनर लावला होता: 'संस्थापकांचा कृतज्ञता सोहळा'. कथावाचनाचा बॅनरवर पत्ताच नव्हता. शेजारी प्रमुख पाहुणे बसले होते. कुठले, कशाचे, देव जाणे. अध्यक्षांनी व्हिडिओवाला पण बोलावला होता.

आणि सुरू झाली की हो भाषणं! काकांचं बालपण. काकांची चिकाटी. काकांचा आवाज! प्रत्येक जण उठून काकांच्या आवाजाचं वर्णन करत होता, आणि तो आवाज बिचारा खुर्चीत बसून वाट पाहत होता, कधी एकदा बाहेर पडतोय म्हणून. शाल झाली, श्रीफळ झालं, हार झाले. गळ्याचं ऑपरेशन असलेल्या माणसाच्या गळ्यात एकावर एक हार. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या हातात त्या दिवशी मेथी नव्हती, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मी चिठ्ठी पाठवली. 'भाषणं आवरा. गोष्ट राहिलीय.' अध्यक्षांनी ती वाचली, माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि पाहुण्यांकडे सरकवली. पाहुण्यांनी ती उलटी केली, खिशातून पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या भाषणाचे मुद्दे लिहायला घेतले. खोटं नाही सांगत, ह्या डोळ्यांनी पाहिलंय. तिकडे दाराशी संध्याकाळच्या साखरपुड्याचे फुलवाले येऊन उभे राहिले होते.

पाहुणे उठले. म्हणाले, "काकांच्या सर्व कथा मी वाचल्या आहेत." अरे देवा! काकांची एक ओळ कुठे छापून आलेली नाही. आणि तेव्हा काका उठले. हार सावरत उभे राहिले, हात वर केला आणि आठवडाभर साठवलेल्या त्या आवाजात म्हणाले, "आक्षेप!"

हॉल दणाणला. काय आवाज लागला होता! जुन्या रविवारांसारखा.

आणि लोक हसले. टाळ्या वाजल्या. पाहुणे म्हणाले, "पाहिलंत? हीच ती विनोदबुद्धी!" आणि काकांच्या विनोदबुद्धीवर भाषण सुरू झालं. अध्यक्षांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना प्रेमाने खाली बसवलं. फुलवाल्यांनी मागच्या खुर्च्या उचलायला घेतल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "वेळेअभावी" म्हणाले, आभार मानले, आणि म्हणाले, "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभे राहावे."

आता राष्ट्रगीत एकदा झालं की सभा संपली. त्यानंतर आपल्याकडे कुणी कथा वाचत नाही. काका ताठ उभे होते. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कागद, दोन्ही हात शिस्तीत सरळ खाली. निवृत्त सुपरवायझर, राष्ट्रगीताला हलणार थोडेच? मला त्या क्षणी त्या व्यासपीठावरच्या एकेकाची दाढ भूल न देता उपटावीशी वाटली.

आक्षेप घ्यायचा नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं. कौतुक करायचं नाही, असं ठरवायला हवं होतं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. चला दवाखान्यात, म्हटलं, शटर उघडते, चार माणसं आहेत, वाचा. त्यांनी मान हलवली. "राहू द्या डॉक्टर. भूक मेली." काकूंचा हात धरून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी ॲडमिट झाले. ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभराने त्यांच्या घरी गेले तर काका दिवाणखान्यात बसलेले, गळ्याला पांढरं फडकं, मांडीवर पाटी. मंडळाचे लोक भेटून गेले होते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते घ्या म्हणून आग्रह करून गेले होते. अध्यक्ष तर म्हणाले होते, "काका, तुम्ही आता आमचे पहिले यंत्रमानव!" मंडळात इतक्या यंत्रमानवांच्या गोष्टी लिहिलेल्या काकांनी पाटीवर मला लिहून दाखवलं, 'तो आवाज माझा नाही. नको.' आणि ते पुसून खाली दुसरं वाक्य लिहिलं. ते अध्यक्षांविषयी होतं, इथे देत नाही.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर काही नसताना गॅसकडे पाहत उभ्या राहिल्या. "सभेनंतर घरी आलो ना," म्हणाल्या, "मला वाटलं आता बोलतील. माझ्याशी बोलतील काहीतरी. उद्यापासून नाहीच बोलायचं तर. ह्यांनी तो सत्काराचा नारळ फोडला, तुकडा तोंडात घातला, म्हणाले, 'खवट आहे.' आणि झोपले. शेवटचं काय बोलले तुमचे यजमान, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू हो? खवट?" आणि हसायला लागल्या, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्यांना धरून उभी राहिले.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या सभेचा व्हिडिओ काढलाय ना? त्यात ह्यांचा आवाज असेल का थोडा? घरात काहीच नाही. फोनवरचं बोलणं सुद्धा हो, नाही, ठेव, ते कोण रेकॉर्ड करणार? लग्नाच्या व्हिडिओंमध्ये सगळीकडे बँड."

मी अध्यक्षांकडून तो व्हिडिओ मिळवला. काय सोसलंय मी म्हणून सांगू! सगळी भाषणं पुन्हा ऐकली. अध्यक्षांचा चेहरा जवळून, अध्यक्षांचा चेहरा लांबून, पाहुण्यांच्या अंगठ्या. माझी चिठ्ठी उलटी होताना सुद्धा दिसते त्यात. आणि त्या सगळ्या भुशात काकांचा एकच शब्द. "आक्षेप!" बाकी काही नाही. मी तो तेवढाच कापून घेतला आणि काकूंच्या फोनवर घातला. काकूंनी तो स्वयंपाकघरात लावला. बाहेरून लगेच पाटीवर बोटं आपटल्याचा आवाज आला. आम्ही जाऊन पाहिलं तर काका हात पुढे करून बसले होते. फोन त्यांना हवा होता.

मग वर्धापनदिनाची सभा आली. काका-काकू पहिल्या रांगेत. माझ्या दवाखान्यात घाबरट पेशंटसाठी बासरी लावायचा एक छोटा स्पीकर आहे, तो मी काकांच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता. कशासाठी, ते आम्हा तिघांनाच ठाऊक. तेलकट शनीला हार घातला गेला. अध्यक्ष उठले, घसा खाकरला, म्हणाले, "नाशिकच्या या सुपीक सांस्कृतिक मातीत..."

"आक्षेप!"

काकांच्या आवाजात. तोच जोर, तोच खणखणीतपणा. हॉल चपापला. अध्यक्षांनी हसून घेतलं, "वा! विज्ञानाचा चमत्कार! तर सांगायचा मुद्दा असा..."

"आक्षेप!"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी आणखी एकदा तोंड उघडलं, काकांनी आणखी एकदा मांडीवरच्या फोनचं बटण दाबलं. शेवटी अध्यक्ष बसले. कवळीसुद्धा नीट मिटली त्यांची, माझं काम चांगलं आहे. आणि काकू उठल्या. पर्समधून ते जुने कागद काढले, चष्मा लावला आणि माईकपाशी गेल्या. "मला ह्यातलं काही कळत नाही," म्हणाल्या, "पण वाचते."

वाचायला लागल्या त्या एका सुरात, पोथी वाचावी तशा. सिन्नरच्या डेपोतून चंद्रावरच्या वस्तीला जाणाऱ्या एसटीची गोष्ट होती. शेवटची फेरी, एकच प्रवासी, आणि त्या वस्तीत कुणीतरी त्याची वाट पाहत जेवायचं थांबलेलं. काकू एका जागी आल्या. "गाडी चंद्रावर उतरली. ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला, आणि तो सबंध वस्तीला ऐकू गेला."

चंद्रावर हवा नाही. हवा नाही तर हॉर्न ऐकू कुठून येणार? हॉलमधल्या प्रत्येकाला ते कळलं. यंत्रमागवाल्यांचा हात अर्धा वर गेला होता, तो त्यांनी डोकं खाजवल्यासारखं करून खाली घेतला. आजारी माणसाची गोष्ट, बाई वाचतेय, जाऊ द्या. सगळे मान खाली घालून दयाळूपणे बसून राहिले. काकांनी मागे वळून पाहिलं. एका रांगेकडे, मग दुसऱ्या रांगेकडे. त्यांचा चेहरा मी त्या सत्काराच्या दिवशीही इतका उतरलेला पाहिला नव्हता.

मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

"आक्षेप!"

काकूंनी कागदावरून मान वर केली नाही. "तुम्ही जरा गप्प बसा हो," म्हणाल्या. "मला वाचू द्या."

आणि मग थांबल्या. बोट ओळीवर तसंच. आपण काय बोललो, कुणाला बोललो, ते त्यांच्या ध्यानात आलं. सगळ्या हॉलच्याच आलं. पहिल्या रांगेत काका हसत होते. खांदे गदगदा हलत होते, गळ्यावरचं फडकं उडत होतं, आणि आवाज नव्हता.

काकूंनी पदराने चष्मा पुसला. "कुठे होते मी?" विचारलं.

"हॉर्नवर," यंत्रमागवाले मागून म्हणाले. "आणि काकू, आक्षेप माझा पण हाय. चंद्रावर हॉर्न ऐकू येत नाय."

"येतो," काकू म्हणाल्या आणि पुढे वाचायला लागल्या. मंडळाच्या इतिहासात शेवटपर्यंत गेलेली ही पहिली गोष्ट. वाचताना काकांनी आणखी दोनदा आक्षेप घेतला, आणि दोन्ही वेळा काकूंनी त्यांना गप्प बसवलं.